विसळलेली डबी

बिबट्या आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवर आला तो पाण्याच्या टाकीमागून. मी वाळत घातलेल्या चादरी काढायला गेलो होतो आणि चादरी काही संपत नव्हत्या. एक काढली की मागे दुसरी, तिच्यामागे आणखी एक, सगळ्या ओल्या आणि सगळ्यांतून ऊन झिरपतंय. शेवटची बाजूला सारली तर तो तिथे बसलेला. नाशकात बिबट्या म्हणजे फार नवल नाही. अधूनमधून कुठल्या ना कुठल्या कॉलनीत तो येऊन गेल्याचं पेपरात असतंच. त्यामुळे मी स्वप्नातही दचकलो नाही. सभ्यपणे विचारलं, "खाली वॉचमनकडे नाव लिहून आलात का?" तो उठला. मग मात्र मी अंगातलं सगळं बळ एकवटून त्याला लाथ घातली.

सकाळी चहाच्या वेळी बायकोनं गाऊन जरासा वर करून मला नडगी दाखवली. तिथे वांग्याच्या रंगाचा डाग उमटला होता.

"हा तुमचा बिबट्या," ती म्हणाली.

"अगं, मी तर त्याला..."

"ऐकलं मी सगळं. आधी नाव विचारलंत, मग लाथ घातलीत. बिबट्याला अहो-जाहो आणि बायकोला लाथ!"

हे असं वर्षभर चाललं होतं. एरवी मी अत्यंत भित्रा माणूस आहे. भाजीवाल्यानं सुटे कमी दिले तरी मी मान डोलावून पुढे जातो. पण झोपेत माझ्यात कोण शिरायचं कोण जाणे. मी ओरडायचो, बुक्के मारायचो, एकदा तर पलंगावरून उडी मारून कपाटाशी कुस्ती खेळलो. बहुतेकदा पहाटे, झोप चांगली मुरल्यावर. माझी स्वप्नं मी आतून पाहायचो आणि ती बाहेरून. सकाळी दोघांच्या हकिकती जोडल्या की अख्खी गोष्ट तयार व्हायची. खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटायची. निवृत्त माणसाच्या आयुष्यात दुसरं घडतं तरी काय?

मजा संपली ती घोटीला, दादाच्या ओसरीवर.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घोटीला त्याची भाताची गिरणी. उभा जन्म त्याचा तांदूळ पारखण्यात गेला. पोत्यातून चिमूट काढायची, अंगठा आणि बोटांमध्ये दाणे चोळायचे, कणी किती, ओल किती ते डोळे मिटून सांगायचं. काही वर्षांपूर्वी त्याची बोटं रिकामीच तशी चोळली जाऊ लागली. ओसरीवर बसलेला असला, टीव्ही पाहत असला, तरी उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरतोय. आम्ही सगळे हसायचो. म्हणायचो, दादा गिरणीतून घरी येतो पण गिरणी काही दादाला सोडत नाही. भात विकायला आलेल्या शेतकऱ्याला वाटायचं, शेटला माल पसंत नाही, म्हणून तो आपणहून भाव उतरवायचा. असा आजाराचा नफासुद्धा झाला. हे बोटं चोळणं म्हणजे कंपवात आहे हे कळायला आम्हाला किती काळ लागला असेल, ते सांगायलाही लाज वाटते. जगात दुसऱ्या कुठल्या घरात हा आजार तांदळाच्या आड इतका बेमालूम लपला नसेल.

तर त्या दिवशी ओसरीवर मी माझी बिबट्याची गोष्ट हावभावांसकट सांगत होतो. दादा हसला नाही. भातखाचरांकडे पाहत म्हणाला, "माझंबी असंच व्हतं बारक्या. हात हालायच्या लय आधी. झोपंत कोल्हं हाकायचो मी."

कापणी झालेली खाचरं धुक्यात बुडाली होती. बांध तेवढे वर दिसत होते, पाटीवर कुणी रेघा मारून पाटीच काढून घ्यावी तसे. मी हातातल्या कपाकडे पाहिलं. कप हलत नव्हता. पण त्या दिवसापासून मी कपाकडे पाहायला लागलो, ते लागलोच.

दादाला तपासणीसाठी नाशकात मेंदूच्या डॉक्टरांकडे आणायचो. पुढच्या खेपेला त्याची तपासणी संपते न संपते तोच माझ्या बायकोनं मला पुढे ढकललं. "डॉक्टर, ह्यांनाही बघून घ्या. हे पहाटे बिबटे मारतात."

डॉक्टर तरुण होते, बोलण्यात शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली. मग सांगितलं की स्वप्न चालू असताना शरीराला एक कुलूप लागलेलं असतं, म्हणून आपण स्वप्नात धावतो पण पलंगावरच असतो. काही माणसांचं हे कुलूप ढिलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे कधीतरी कंपवातासारखा आजार होतो, काहींना फार वर्षांनी, काहींना होतही नाही.

"मला होणार की नाही?" मी विचारलं.

"आज सांगता येत नाही."

"मग कधी येईल?"

"तेच शोधायचं काम चाललंय," ते म्हणाले. मेंदूतली काही प्रथिनं बिघडायला लागतात तेव्हा हात हलायच्या पुष्कळ आधी त्यांच्या खुणा रक्तात, लघवीत उतरतात का, हे पाहण्यासाठी काही लोक नमुने गोळा करत होते. लघवी देणं सोपं, सुई नको, काही नको. मी द्यावी असं त्यांनी सुचवलं. लगेच पुढे हेही म्हणाले, की ह्यातून तुम्हाला तुमचं उत्तर मिळेल असं समजू नका, अजून सगळं शोधाच्याच पायरीवर आहे.

हे शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. मला उत्तर हवं होतं. दादाच्या वाटेनं जायचं असेल तर मला ते आत्ता, ह्या खुर्चीत बसून कळायला हवं होतं.

आणि लघवीची कल्पना मला तिथल्या तिथे पटली. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. बॉयलर पेटलेला असताना त्याच्या आत डोकावता येत नाही. आत काय चाललंय ते त्याच्या बारीक नळ्यांतून थेंब थेंब बाहेर येणाऱ्या पाण्यावरून ओळखायचं. पाण्यात नखाएवढीही नव्हे, नखावरच्या धुळीएवढी सिलिका वाढली की आम्ही ओळखायचो, आज ना उद्या टर्बाइनच्या पात्यांवर थर बसणार. तिकडे टर्बाइन गुणगुणत मजेत फिरत असायचं आणि आम्ही इकडे काचेच्या नळीतल्या, सिलिका दाखवणाऱ्या फिक्या निळ्या रंगाकडे पाहून काळजी करायचो. फार सुंदर निळा होता तो. हिवाळ्यात बाहेर कूलिंग टॉवरमधून वाफ निघून धुक्यात मिसळायची, ढग तिथेच बनवून गावोगाव पाठवतात असं वाटायचं, आणि त्या पांढऱ्या जगात माझ्या हातात तेवढी ती निळी नळी. आता मीच बॉयलर झालो होतो, एवढाच फरक.

नमुना द्यायला आठवडा होता. मी तयारीला लागलो.

लघवीत प्रथिनं शोधणार, एवढं मला कळलं होतं. म्हणजे प्रथिनं निघाली तर आपण नापास. दुसऱ्या दिवशी मी बायकोला सांगितलं, "आठवडाभर वरण नको."

"का?"

"डाळीत प्रथिनं असतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. संसारात तिला अशा पाहण्याची खूप सवय झालेली आहे. मग आठवडाभर आमच्याकडे वरण, मटकी, मूग, शेंगदाणे, दही, अंडी सगळं बंद. मी भात आणि दुधी भोपळा खाल्ला. तिनं माझ्यासमोर बसून मटकीची उसळ खाल्ली, फोडणीचा वास माझ्याकडे येईल अशा बेतानं. "काय छान मोड आलेत," असंही वर म्हणाली. त्या दिवसांत मी जागेपणीही अर्धा स्वप्नातच असायचो. पोट रिकामं असलं की दुपारी गोदावरीवरून येणारा वारा अंगातून आरपार जातो असं वाटतं. खिडकीशी डोळा लागायचा आणि मी एका खूप मोठ्या, उजळ काचेच्या नळीत पोहत असायचो. वरून कुणीतरी डोळा लावून पाहतंय. मी त्याला हात करतोय. तो मात्र रंग पाहतोय.

नमुन्याची डबी एका मुलीनं दिली होती. ती नमुने गोळा करणाऱ्या केंद्रातली तंत्रज्ञ, माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं सगळं समजावून सांगितलं. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची सोडून द्यायची, मधली घ्यायची, झाकण घट्ट लावायचं, दिलेल्या थंड पिशवीत ठेवून लगेच आणायची. मी मान हलवत होतो, पण मनात हसत होतो. अगं पोरी, नमुना कसा घ्यायचा हे तू मला शिकवतेस? सुरुवातीचं सोडून द्यायचं म्हणजे आधी नळी वाहती करून घ्यायची, हे तर आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. ह्या हसण्याच्या नादात तिचं एखादं वाक्य ऐकायचं राहून गेलं.

त्या सकाळी मी अंधारातच उठलो. न्हाणीघरात दिवा लावला, डबी उघडली. तळाशी एक चपटी पांढरी गोळी. मी चक्रावलो. डबी बंद होती आणि आत कचरा? कारखान्यात कुणाची तरी चूक झाली असणार. आमच्याकडे नमुन्याच्या बाटलीत धुळीचा कण दिसला तरी साहेब बाटली फेकायला लावायचे. मग मी तेच केलं जे माझे हात उभ्या नोकरीत करत आले होते, आणि हाताला विचार करायची सवय नसते. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, हा आमचा नियम. मी डबी नमुन्यानंच तीनदा विसळली. थोडं घ्यायचं, हलवायचं, ओतून द्यायचं. वयाच्या मानानं हे सोपं नाही, मध्ये मध्ये थांबावं लागतं. पण मी थांबलो. गोळी पहिल्याच विसळणीत वाहून गेली. चौथ्यांदा भरून घेतली, झाकण लावलं, डबी दिव्यासमोर धरली. स्वच्छ, पारदर्शक, सोनेरी. इतका देखणा नमुना मी एकलहऱ्यालाही घेतला नव्हता.

"फ्रीजमध्ये ठेवाल तर मी घर सोडीन," आतून आवाज आला.

केंद्रात नमुने घ्यायच्या खिडकीत बसलेल्या त्या मुलीनं डबी घेतली, तिच्यावर नंबराची चिठ्ठी लावली. "गोळी विरघळली का काका?"

"कसली गोळी? हां, ती होय. घाण होती आत. काढून टाकली मी."

"काढून टाकली?"

"काळजी करू नका. डबी तीनदा विसळून घेतली."

"पाण्यानं?"

"छे! पाण्यानं कशी विसळणार? नमुना पातळ होईल ना. नमुन्यानंच."

तिनं पेन खाली ठेवलं. माझ्या मागे रांगेत काही जण होते, कुणी डबी रुमालात गुंडाळलेली, कुणी वर्तमानपत्रात. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. तिनं फार गोड आवाजात सांगितलं की ती गोळी म्हणजे प्रथिनं टिकवायचं औषध होतं. ते नसेल तर वाटेतच प्रथिनं मोडून जातात आणि शोधायला काही उरत नाही. "मी सांगितलं होतं काका. गोळी आत असेल, ती काढू नका."

"पण मी प्रथिनं आठवडाभर खाल्लीच नव्हती," मी म्हणालो. एवढ्या कष्टांचं कुणीतरी कौतुक करावं असं मला वाटलं असावं.

"म्हणजे?"

मागून बायको म्हणाली, "डाळ बंद केली होती ह्यांनी. पास व्हायचं होतं."

मुलगी हसू दाबत होती ते आता सुटलं. "काका, तुम्ही परीक्षेला बसलायत का? खाऊन-पिऊन या हो. आम्ही शोधतोय ती प्रथिनं वरणातनं नाही येत." रांगेतला एक गृहस्थ पाठ फिरवून खोकू लागला. त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की तो खोकला नव्हता. नवी डबी मिळाली, पुढच्या आठवड्यात या म्हणाली.

रिक्षात बायको म्हणाली, "जेवणात आज आमटी करू का, की भोपळाच?" मला हसू येत नव्हतं. उत्तर मिळायचं ते आणखी लांबलं होतं आणि ते मीच गटारात विसळून टाकलं होतं.

त्या आठवड्यात मी दादाकडे गेलो. बायकोला न घेता. दादा उन्हात बाजेवर पडला होता, हात पोटावर, अंगठा फिरतोय. गिरणी चालू होती, भुशाचा सोनेरी धुरळा उन्हात तरंगत होता आणि त्यातून सगळं, बैलगाडीचं जुनं चाक, कोंबड्या, दादाचे पाय, जरा उचलल्यासारखं दिसत होतं. मी डबीची गोष्ट सांगितली. त्यावर तो इतका हसला की वहिनी आतून पाहायला आल्या. "इचारायचं तरी ना येड्या! गोळी कोण टाकून देतं?"

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "दादा, तुला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं का रे?"

"आधी म्हंजी?"

"कोल्हे हाकत होतास तेव्हा. हात हलायच्या आधी."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं त्याचा डोळा लागला. "मला नाय," तो म्हणाला. "मी ती वर्सं चांगली काढली. माल भरला, पोरांची लग्नं केली. कळलं असतं तर समदं हात बघत काढलं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण हिला कळायला पायजे व्हतं. हिला वाटलं मी जाणून मारतोय. मनात राग हाय म्हून झोपंत भायेर येतोय. ती आतल्या खोलीत निजाय लागली. बोलली नाय कधी. मीबी इचारलं नाय. पार डाक्टरानं सांगितलं तवर तिनं तसंच धरून ठिवलं व्हतं. आन मला वाटायचं, हिला आता माझा कटाळा आला."

वहिनी दारातून म्हणाल्या, "झालं का तुमचं? जेवायला या." त्यांनी ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक.

परतीच्या बसमध्ये मी त्या दोन खोल्यांचा विचार करत होतो. एकीत कोल्हे हाकणारा माणूस, दुसरीत छताकडे पाहणारी बाई, मधे एक बंद दार, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना चुकीचं कारण. किती वर्षं. गिरणी मात्र रोज वेळेवर चालू व्हायची. डोळा लागला, दचकून उठलो तर मी शेजारच्या प्रवाशाची पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. त्यात मेथी होती. तो सोशिक माणूस होता, म्हणाला, "राहू द्या, उतरताना द्या."

दुसऱ्या खेपेला मी शहाण्यासारखं वागलो. वरण खाल्लं, गोळीला हात लावला नाही, ती विरघळताना पाहत उभा राहिलो. तळाशी तिच्याभोवती आधी एक बारीक पांढरा ढग धरला, मग तो हळूहळू सोनेरीत विरून गेला. मी इतका वेळ उभा होतो की बायकोनं दार वाजवलं.

खिडकीपाशी मुलीनं डबी उजेडात धरली. "वा काका! पास." मग तिला काहीतरी आठवलं. "मागच्या वेळी एक विचारायचं राहिलं होतं. आज आमच्याकडे तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही. हे शोधायला किती वर्षं लागतील तेही माहीत नाही. पण समजा, पुढे ही तपासणी पक्की ठरली आणि तुमच्या नमुन्यात काही निघालं, तर कळवायचं का? काही जण हो म्हणतात, काही नको म्हणतात. दोन्ही चालतं."

ज्या प्रश्नाची मी इतके दिवस वाट पाहत होतो तो हाच. 'हो' तोंडात तयार होता. पण तो बाहेर येईना. मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते खिडकीच्या कडेवर शांत पडले होते, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. ते पुढची वर्षं जसे असतील तसे असू देत, त्यांच्याकडे बघत बसायची माझी हिंमत नव्हती.

"मला नको," मी म्हणालो. "हिला कळवा."

बायको चमकली. "मला? मला कशाला?"

"लाथा तू खातेस. कुठून येतात ते तुला कळायला हवं."

"म्हणजे मी एकटीनं ते घेऊन बसू? तुमच्यासमोर, हसत?"

"तुला नको असेल तर राहू दे. कुणालाच नको."

मुलगी पेन धरून थांबली. रांग आमच्या मागे वाढत होती, पण कुणी घाई केली नाही. बायकोनं पर्समधून चष्मा काढला, पुसला, आणि काही वाचायचं नसताना डोळ्यांवर लावला.

"काकू, काय लिहू?"

"लिहा. कळवा म्हणून लिहा. माझा नंबर घ्या." नंबर सांगताना तिचा एक आकडा चुकला, तो तिनं परत नीट सांगितला. "आणि फोन कराल तेव्हा आधी 'बसलायत ना काकू' वगैरे म्हणू नका. सरळ सांगा."

बाहेर आलो. रस्त्यावर लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात माणसं, रिक्षा, फुगेवाला सगळं जरा लांबून आल्यासारखं, आवाज नसल्यासारखं दिसत होतं. मला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय ह्याची जरा लाजही. माझं ओझं होतं तेवढंच होतं, फक्त ते मी दुसरीच्या खांद्यावर ठेवून मोकळा झालो होतो.

"निघालं काही, तर मला सांगशील?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही कसे वागताय त्यावर."

मग तिनं रिक्षाला हात केला.